तेविसावं कार्ड

जेवणं उरकली, सोसायटीतली माणसं आपापल्या मजल्यावर गेली आणि सानपाड्याच्या त्या दोन बेडरूमच्या घरात एकदम खूप खुर्च्या उरल्या. सगळ्या सोसायटीच्या ऑफिसातून आणलेल्या, पाठीवर पांढऱ्या रंगात 'बी विंग' लिहिलेल्या. श्रुती त्या एकात एक घालून ठेवायला लागली. तेरा दिवसांत तिला एवढंच कळलं होतं, की हात रिकामे ठेवायचे नाहीत.

"राहू दे गं, वॉचमन नेईल," आई म्हणाली.

"नेईल. पण एक कमी भरली की आपल्यालाच शोधत फिरावं लागतं."

बाबांचा फोटो ज्या टीपॉयवर ठेवला होता त्याच्या शेजारी आई भिंतीला पाठ लावून बसली होती. तिची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे होती. आत श्रुतीचा धाकटा भाऊ शौनक बॅग भरत होता. साडेचारला वाशीहून नाशिकची बस होती. सकाळी आई त्याला म्हणाली होती, "दोन दिवस राहा." तो म्हणाला होता, "बघतो." अकरा वर्षं तो हेच म्हणत आला होता. दिवाळीला येशील? बघतो. बाबांशी जरा नीट बोलशील? बघतो. तो यायचा, जेवायचा, बाबा विचारतील त्याला उत्तर द्यायचा आणि जायचा. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

आता बाबाच नव्हते. आज तो गेला तर परत यायला कारण काय उरेल, हा प्रश्न आईच्या नजरेत होता आणि श्रुतीच्या पर्समध्येही होता. पर्स फ्रिजवर ठेवलेली होती. तिच्या आतल्या कप्प्यात बाबांच्या हातचं एक कार्ड होतं.

बाबा, म्हणजे दिलीपराव, एकतीस वर्षं जासईच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते. निवृत्त झाल्यावर जुईनगरच्या वाचनकट्ट्यावर जायला लागले. तिथल्या नंदकुमारांनी त्यांना एक काम लावून दिलं: मराठीत माणसाला रागावण्यासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे गोळा करा, छोटं पुस्तक काढू. "हे तुमच्याइतकं कोणाला जमणार?" असं ते गमतीत म्हणाले होते. बाबांनी ते काम गमतीत घेतलं नाही. जुन्या गेटपासचे कोरे गठ्ठे घरात होते, ते कापून त्यांनी पाठकोरी कार्डं केली. एका कार्डावर एक शब्द. अर्थ, कोण कोणाला करतं, आणि एक उदाहरण. उदाहरण स्वतःच्या कानांनी ऐकलेलंच हवं. कुठे ऐकलं, कधी, कोण बोललं, तेही लिहायचं. मनाने रचलेलं वाक्य म्हणजे रिकामा कंटेनर, असं ते म्हणत.

श्रुतीला काही कार्डं पाठ होती. 'समज देणे. हळू आवाजात. बहुधा बसून.' 'कानउघाडणी. दार लावून, एकट्याची. ऐकणाऱ्याचं भलं व्हावं असा हेतू असतो, निदान तसं सांगता येतं.' 'ताशेरे. कागदावर ओढतात. घरात चालत नाहीत. अपवाद: किराणा यादीवरच्या वैजयंतीच्या टिपा.' हे शेवटचं वाचून आई दोन दिवस बाबांशी बोलली नव्हती आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचून हसली होती.

जानेवारीत बाबा दुसऱ्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा त्यांनी श्रुतीला बुटांचा तो खोका नंदकुमारांकडे पोचवायला सांगितला. पोचवण्याआधी तिने सगळी कार्डं वाचली. त्यातलं एक काढून घेतलं. बाबांना सांगितलं नाही, शौनकलाही नाही.

---

नंदकुमार चपला काढून आत आले, फोटोला नमस्कार केला आणि खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांच्या मांडीवर तोच बुटांचा खोका होता.

बाल्कनीच्या दाराशी सादिकभाई बसले होते. बाबांच्या बरोबर सव्वीस वर्षं त्याच यार्डाच्या गेटवर होते. जासईच्या पुढे खाडीकाठी त्यांचं गाव. बाबा गेल्यापासून ते एक दिवसाआड येत होते, तासभर बसत, क्वचित बोलत. सोफ्यावर रावसाहेब काका होते, बाबांचे थोरले भाऊ, साताऱ्याहून आलेले. शौनकसाठी आणलेली टॉवेल-टोपी त्यांनी सकाळीच त्याच्या हातात ठेवली होती आणि तेव्हापासून या घराचा कारभार आपल्याकडे आला असं ते धरून चालले होते.

"आज बोलायची वेळ नाही, मला कळतं," नंदकुमार म्हणाले. "पण मंगळवारी छापखान्यात द्यायचंय. दिलीपरावांनी यादी केली होती, एकेचाळीस शब्दांची. कार्डं चाळीसच निघाली. तेविसावं नाही."

"कुठला शब्द?" काकांनी विचारलं.

"खरडपट्टी."

सादिकभाई एकदम हसले, आणि त्यांनी फोटोकडे बघितलं. "म्हंजे बगा. तोच नाय? आमच्या यार्डात तो शब्द म्हंजे दिलीपशेटचीच सही होती."

श्रुतीने हातातली खुर्ची दुसऱ्या खुर्चीत घातली. ती तिरकी बसली. पुन्हा काढली.

"असेल इथंच," काका उठले. "वैजयंती, कपाटाची किल्ली कुठाय?"

"भाऊजी, कपाटात काही नाही."

"मग रद्दीत गेलं. ती तुमची कामाची बाई, ती उचलते का कागद?"

"हौसाबाई कागदाला हात लावत नाही," आई म्हणाली.

"हात लावत नाही म्हणजे काय? काल मी पेपर शोधत होतो, तो तिनं टाकला. बोलावून घ्या तिला. नंबर आहे ना? विचारू दे मला. माणसानं मरता मरता केलेलं काम, आणि ही बाई—"

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. हौसाबाईंनी तेरा दिवस दोन्ही वेळची भांडी न सांगता घासली होती. श्रुतीने खुर्ची सोडली.

"काका, तिने नाही टाकलं. कार्ड माझ्याकडे आहे."

त्याच वेळी शौनक बॅग घेऊन बाहेर आला होता. त्याने बॅग खाली ठेवली.

"तुझ्याकडं? मग देत का नाहीस?"

"द्यायचं नव्हतं."

"का?"

तिने फ्रिजवरची पर्स घेतली. कार्ड काढलं. कोणाला द्यावं हे क्षणभर कळलं नाही. काकांचा हात पुढे आला होता, नंदकुमारांचाही. तिने ते शौनकला दिलं. तिच्याकडे दुसरा काही उपाय उरला नव्हता, आणि इतके महिने ते सांभाळून ती दमलीही होती.

"वाच मोठ्यानं," काका म्हणाले.

"काका, नको," श्रुती म्हणाली.

"नको कशाला? बापाचे शब्द आहेत. वाच."

शौनकने वाचलं. बातम्या वाचाव्यात तसं, आवाजात काही न आणता.

"तेवीस. खरडपट्टी, काढणे. चारचौघांत. वरच्याने खालच्याची. कानउघाडणी दाराआड होते, ही उघड्यावर. आवाज मोठा लागतो. कारण ज्याची काढायची त्याच्यापेक्षा शेजारी उभा असलेल्याला ती ऐकू जावी लागते. उदाहरण." तो थांबला. पुढचं त्याला वाचायची गरज नव्हती. तरी त्याने वाचलं. "सील कापायला तुला सांगितलं कोणी? स्वतःला साहेब समजतोस? अक्कल घरी ठेवून यार्डात येतोस? असला मुलगा माझ्या पोटी यावा याची लाज वाटते मला. कंसात, जासई यार्ड, सहा मार्च दोन हजार चौदा. मी, शौनकला."

"अजून आहे," तो म्हणाला. "शेवटचं वाक्य या शब्दात बसत नाही. त्याला दुसरा शब्द हवा. अजून मिळालेला नाही. आणि खाली लिहिलंय, चहा पाजायचा राहिला."

त्याने कार्ड टीपॉयवर फोटोसमोर ठेवलं.

"बरं झालं," तो श्रुतीला म्हणाला. "बरं झालं लपवलंस ते. पुस्तकात छापायला काढलं होतं त्यांनी मला." आणि बॅगेचा बंद खांद्याला लावला.

---

वैजयंतीला वाटलं, आता उठावं. उठून दारात उभं राहावं. पण पाय उठेनात. तेरा दिवस कोणी आलं की उठायचं, गेलं की बसायचं, असं चाललं होतं. आता खरं उठायची वेळ आली तर अंगात काही उरलं नव्हतं.

तिला तो मार्च आठवत होता. शौनक बावीस वर्षांचा. कुठे नोकरी लागेना म्हणून दिलीपरावांनी त्याला यार्डात लावून घेतलं, त्याला तीन महिने झाले होते. त्या संध्याकाळी तो घरी आला, न जेवता झोपला. दिलीपराव स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले. म्हणाले, "कंटेनरचं सील मीच कापायला सांगितलं होतं. फोनवर. कस्टमचे साहेब तोवर पोचतील म्हणालो. साहेब यायच्या आधीच कापलं गेलं." ती म्हणाली, "मग सांगा ना त्याला, की तुमची चूक." ते म्हणाले, "त्याला ठाऊक आहे कोणी सांगितलं ते. बाकीचंही कळेल. यार्डात सगळ्यांना कळतं."

बाकीचं काय, ते त्यांनी तिला सांगितलं. पोराला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी पोरगा मित्राकडे नाशिकला गेला.

दर दिवाळीला ती विचारायची, "बोललात?" ते म्हणायचे, "बघतो." बापलेकांचा तो एकच शब्द सारखा होता. मधे पडून आपण सांगावं, असं तिला शंभरदा वाटलं. पण बापाची बाजू आईने सांगितली की मुलाला ती बाजू घेणं वाटतं, हे तिला माहीत होतं. तिने वाट बघितली. वाट बघताना माणूस काहीच करत नसतो, हे तिला आता, टीपॉयवरच्या कार्डाकडे बघताना कळत होतं.

सादिकभाई उठून उभे राहिले होते. दार आणि शौनक यांच्या मधोमध.

"वैनी," ते म्हणाले, "बोलू काय?"

"बोला," ती म्हणाली. "मीच बोलायला हवं होतं."

---

"बस बाला दोन मिनिटं," सादिकभाई म्हणाले.

"बस चुकेल, चाचा."

"बशी लय हायत." ते स्वतः बसले नाहीत. "तू यार्डात तीन महिने होतास. तुला एक रीत कोनी सांगितली नाय. साहेब तापला का आपल्या मानसाला पयला आपनच धरायचा. साहेबाचं तोंड उघडायच्या आत. मोठ्यानं, सगल्यांसमोर. असा धरायचा का साहेबाला वाटलं पायजे, याच्यावर मी अजून काय बोलू? मंग साहेबच बोलतो, जाऊ द्या. तो जाऊ द्या बोलला का झालं. मानूस वाचला."

"म्हणजे नाटक?" काकांनी विचारलं.

"नाटक नाय ओ. राग खरा असतो. पन तो साहेबाला ऐकवायचा असतो." सादिकभाई पुन्हा शौनककडे वळले. "माजी किती येला काढली दिलीपशेटनं. मी पन एकदा त्याची काढली, मोठा साहेब आलेला तवा. 'ओ सुपरवायझर, झोपा काडता काय!' अशी. हा खाली मान घालून उभा, आनि मान खाली घालून हसत होता मेला."

नंदकुमारांच्या तोंडून हसू निसटलं. वैजयंतीसुद्धा जराशी हसली.

"आनि मंग चहा," सादिकभाई म्हणाले. "साहेबाची गाडी गेटाबाहेर पडली का काडनाऱ्यानं खानाऱ्याला टपरीवर न्यायचा. पयला गिलास त्याला. काय बोलायचं नाय. माफ कर नाय, काय नाय. चहा पाजला म्हंजे मिटलं."

"त्या दिवशी साहेब रिपोर्ट लिवायला खुर्ची मागवून बसला होता. त्याच्या आदी कापलेला सील म्हंजे साधी गोस्ट नाय. तुजा पास गेला असता, वर केस. दिलीपशेटनं तुला धा मिनिटं धरला. साहेबानं पेन खिशात ठेवला. बोलला, जाने दो, बच्चा है."

"फोनवर त्यांनीच सांगितलं होतं कापायला."

"सगल्या यार्डाला म्हाईत. म्हनून तर त्याला एवढ्या मोठ्यानं बोलावं लागलं."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

सादिकभाई खाली बघत म्हणाले, "आमाला वाटलं बापानं घरी सांगितलं असंल. बापाला वाटलं, यार्डात हाय, आपोआप कललं असंल. चहा सांगितला होता त्यानं. तीन गिलास. तू नाक्यावरून रिक्षा पकडून गेलास. तो तुजा गिलास हातात घेऊन गेटावर उभा. साय धरली वरती, तरी उभा."

शौनकने कार्डाकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि ते शेवटचं? लाज वाटते ते? तेही साहेबाला ऐकवायला?"

सादिकभाईंनी मान हलवली. "खोटं नाय बोलनार. साहेब तवा उठला होता. पेन खिशात गेला होता. ते रीतीतलं नव्हतं. ते त्याच्या तोंडातून गेलं."

---

शौनकला वाटलं होतं, असं काही कधी कळलं तर छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट ते ओझं कुठे ठेवायचं, हेच कळेना. अकरा वर्षं त्याने एक गोष्ट नीट घडी घालून जपली होती: आपल्या बापाने स्वतःची कातडी वाचवायला आपल्याला चाळीस ड्रायव्हरांसमोर उभं केलं. आता ती गोष्ट तशी नव्हती. आणि ज्याच्याशी भांडायचं तो फोटोत होता, साडेतीन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात काढलेल्या, फेटा बांधलेला.

"तुला माहीत होतं?" त्याने आईला विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

तो हसला, पण ते हसू कोणाकडे बघून नव्हतं. "छान. म्हणजे ड्रायव्हरना माहीत, हमालांना माहीत, तुला माहीत. मी सोडून सगळ्यांना."

"ताईला नव्हतं माहीत," आई म्हणाली. "तिला कोणी काहीच सांगितलं नाही."

तिथेच काकांना वाट मिळाली. एवढा वेळ ते बोलायला जागा शोधत होते. सादिकभाई पाहुणे, वैजयंती विधवा, दिलीप गेलेला. राहिली श्रुती.

"नव्हतं माहीत, तर विचारायचं!" ते म्हणाले. "बाप जिवंत होता तेव्हा. जानेवारीत हातात कार्ड आलं, बाप गेला जूनमध्ये. पाच महिने! पाच महिने पर्समध्ये घेऊन फिरली. दिलं असतं तर पोरगा आला असता, बापाशी बोलला असता, दोघांचं मिटलं असतं."

"काका, मला वाटलं—"

"तुला वाटलं! तुला वाटून काय उपयोग? बापाला सांभाळलं म्हणजे बापाचे कागद तुझे झाले का? कोणाला काय कळू द्यायचं ते तू ठरवणार? दोन घरांची वाट लावायची हौसच आहे एकेकाला. स्वतःचं घर तर—"

श्रुती खुर्च्यांच्या चळतीवर हात ठेवून उभी होती. ती काही बोलणार नव्हती, हे शौनकला दिसलं. तिने खालचा ओठ दाताखाली धरला होता, लहानपणी इंजेक्शन घेताना धरायची तसा. काकांच्या वाक्याचं पुढचं टोक कुठे जाणार, ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी तिने नवऱ्याचं घर सोडलं होतं. आजवर ते कोणी तिच्या तोंडावर काढलं नव्हतं.

"ताई!"

तो आवाज इतका मोठा निघाला की शौनक स्वतःच दचकला. तो आवाज त्याने याआधी एकदाच ऐकला होता, जासईला.

"अक्कल आहे का तुला? अं? काय समजतेस कोण स्वतःला?"

श्रुतीने मान वर केली. काका अर्ध्या वाक्यावर थांबले.

"पाच महिने कार्ड लपवलंस! आणि तेवढंच नाही. बाबांना पहिल्यांदा ॲडमिट केलं ते मला चौथ्या दिवशी कळवलंस. कशाला? शौनकला सुट्टी मिळत नाही म्हणून? मी मागितली होती का तुझ्याकडे दया? रात्री अडीचला एकटी ॲम्ब्युलन्समध्ये बसून गेलीस, ते मला वॉचमनने सांगितलं, वॉचमनने! बाबांची लघवीची पिशवी बदलायची, आईचं इन्सुलिन, दवाखान्याच्या रांगा, ऑफिसातून हाफ डे, सगळं तूच करायचं! सहा वर्षं! कोणी विचारलं तर 'मस्त चाललंय.' ही काय पद्धत झाली? या घरातले बाकीचे मेले होते का? सातारा काय परदेशात आहे? नाशिक काय परदेशात आहे? एक फोन करता येत नव्हता, की 'या, मला होत नाही'? सगळ्या जगाला आयतं बसवून ठेवलंस तू!"

तो बोलत होता आणि बोलताना बहिणीकडे बघत नव्हता. तो सोफ्याकडे बघत होता. काकांची नजर आधी त्याच्यावर होती, मग जमिनीवर गेली, मग मांडीवरच्या हातांवर.

शौनकच्या तोंडात आणखी एक वाक्य आलं होतं. तेही खरं होतं, आणि अनेक वर्षं तिथेच होतं: बाबा तुला एकटीलाच हवे होते. जिभेवर, दातांच्या अगदी मागे. तो राग कोणाला ऐकवायला नव्हता.

"असू दे रे," काका म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "किती बोलशील? जाऊ दे. दमलीय पोर."

शौनकने तोंड मिटलं. ते वाक्य त्याने गिळलं.

सादिकभाई बाल्कनीतून खाली कुठेतरी बघत होते. ते पाठमोरे होते, चेहरा दिसत नव्हता.

---

श्रुतीला पहिल्या दोन वाक्यांना काही कळलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आता हाही. मग ॲम्ब्युलन्स आली, पिशवी आली, हाफ डे आले, आणि तिच्या ध्यानात आलं की तो जे काही ओरडून सांगतोय ते तिने कधी कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. त्याने ते कुठून कुठून गोळा केलं होतं.

पण ती रडली नाही. तिने राहिलेल्या दोन खुर्च्या चळतीत घातल्या.

शौनक स्वयंपाकघरात गेला. आतून डब्यांची झाकणं वाजली. एकदा, दोनदा, पाचदा.

"साखर कुठाय?" त्याचा आवाज आला.

आई उठायला लागली. श्रुतीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं. "खालच्या फळीवर," ती म्हणाली. "स्टीलच्या डब्यात."

"हे मीठ आहे!"

"त्याच्या मागचा."

काकांनी घसा साफ केला. "काय चाललंय त्याचं?"

नंदकुमारांनी टीपॉयवरचं कार्ड दोन बोटांनी उचललं आणि हळू आवाजात श्रुतीला विचारलं, "हे न्यायचं का? तुमची हरकत असेल तर तेवीस नंबर मी कोरा सोडतो."

"त्याला विचारा."

नंदकुमार स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत आलं ठेचल्याचा आवाज येत होता.

"शौनक, कार्डाचं काय करू? उदाहरण बदलता येईल. नाव तरी काढतो."

"बदलू नका. ते ऐकलेलं उदाहरण आहे."

"आणि शेवटची ओळ? ती खाजगी वाटते. शब्दाच्या अर्थाशी तिचा तसा संबंध—"

"राहू द्या तीही," शौनक म्हणाला. "पण कार्ड आज नेऊ नका. मला एकदा नीट वाचायचंय. उद्या मी आणून देतो कट्ट्यावर."

उद्या हा शब्द आईने ऐकला. दाराजवळच्या बॅगेकडे तिने एकदा बघितलं, आणि पाय लांब करून बसली.

शौनक बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एकच ग्लास होता. काचेचा, बाबांचा औषध घ्यायचा. सोफ्यावर काका होते, खुर्चीवर नंदकुमार, दाराशी सादिकभाई, सगळे वडीलधारे. सादिकभाईंनी मान वळवून बघितलं. शौनक त्या सगळ्यांना ओलांडून खुर्च्यांच्या चळतीपर्यंत आला आणि ग्लास श्रुतीपुढे धरला.

"आणि आम्हाला?" काका म्हणाले.

"नंतर," सादिकभाई म्हणाले. "पयला तिला."

श्रुतीने ग्लास घेतला. तो फार भरला होता आणि हाताला चटका बसत होता. तिला विचारायचं होतं की बस गेली का. तिला सांगायचं होतं की कार्ड लपवलं ते चुकलं, की तिला भीती वाटली होती, तू ते वाचलंस तर पुन्हा कधीच येणार नाहीस अशी. शौनक समोर उभा होता, हात पॅंटला पुसत. त्यालाही काहीतरी म्हणायचं होतं, हे तिला दिसत होतं.

तिने पदराने ग्लास धरला आणि एक घोट घेतला. साखर फार झाली होती.

ती काही बोलली नाही. तो तिथेच उभा राहिला, ग्लास रिकामा होईपर्यंत.